मोडलेला स्टँड घरी आणा

नमस्कार बाई,

आम्ही काळाचौकीला चाळीत राहतो. घरात सासू-सासरे, आम्ही दोघं आणि सातवीतली मुलगी. या सत्रात तिच्या शाळेने तीन प्रकल्प दिलेत. घरातल्या कुणाच्या तरी उपयोगाची एक वस्तू स्वतः तयार करायची. परिसरातल्या एका झाडाचं किंवा जीवाचं दिवाळीपर्यंत निरीक्षण करायचं. आणि घरातल्या मोठ्या माणसाकडून ऐकलेली गोष्ट चित्रं काढून वर्गात सांगायची. गेल्या वर्षीपर्यंत तिचे सगळे प्रोजेक्ट मीच रात्री जागून केले. यंदा ठरवलं, तिचं तिने करायचं. तिने आजीच्या औषधांसाठी पुठ्ठ्याचा स्टँड केला. वर्गात टेबलावर ठेवून बाटल्या लावल्या आणि तो सगळ्यांसमोर कोसळला. शेजारी एका मुलाचा दुकानातून करून आणलेला, लेझरने कापलेला लाकडी स्टँड होता. पोरगी रडत घरी आली. म्हणते, “पुढचे दोन तू कर, नाहीतर विकत आण.” वर्गशिक्षिकांनी स्टँड सुधारून दिवाळीच्या सुट्टीआधी पुन्हा आणायला सांगितलंय. हे म्हणतात, सातवीत गणिताकडे बघायचं की पुठ्ठे कापत बसायचं? मी कामावरून आठला घरी पोहोचते. पसारा मांडायला जागा नाही. झाड म्हणाल तर दारात एकही नाही, गॅलरीत चार कुंड्या तेवढ्या. सासरे पूर्वी गिरणीत होते, पण त्याबद्दल फारसं बोलत नाहीत. काय करू?

एक आई, काळाचौकी

नमस्कार,

करून देऊ नका आणि विकतही आणू नका. उत्तर एवढंच आहे. ते तुमच्या लेकीच्या गळी कसं उतरवायचं, याबद्दल मात्र मला सविस्तर लिहायचंय. त्याआधी एक विनंती. तो कोसळलेला स्टँड अजून शाळेत असेल, तर घरी आणायला सांगा. फेकू नका, माळ्यावर टाकू नका. पुढचं सगळं काम त्याच्यापासून सुरू होणार आहे.

मी मुंबईतल्या एका शाळेत तीस वर्षं चित्रकला आणि कार्यानुभव शिकवला. एका वर्षी आमच्या प्रदर्शनात एका मुलीने सायकलच्या जुन्या ट्यूबचा पट्टा आणला होता. तिची आई फुटपाथवर भाजी विकायची. वारा सुटला की छत्री उडायची, म्हणून मुलीने ट्यूब कापून, तिला दोन फास करून, छत्रीचा दांडा भाजीच्या क्रेटला घट्ट बसेल अशी सोय केली होती. काळा, रबराचा वास मारणारा तो पट्टा मी टेबलाच्या टोकाला ठेवला आणि कार्डावर शेरा लिहिला, ‘नीटनेटकेपणा हवा’. पहिला नंबर मी एका रंगवलेल्या, दिवे लागणाऱ्या ज्वालामुखीला दिला. त्यातला दिवा कसा लागतो, हे त्या मुलाला सांगता येत नव्हतं. पुढे दोन पावसाळ्यांनंतर बाजारात त्या बाईकडून मेथी घेताना मी पाहिलं, छत्री त्याच पट्ट्याने बांधलेली होती. तो शेरा मी लिहायला नको होता. मुलीने आईचं दुखणं ओळखलं, साहित्य शोधलं, वस्तू केली आणि ती दोन पावसाळे टिकली. याहून चांगला प्रकल्प माझ्या वर्गात त्या वर्षी नव्हता आणि तो मला दिसला नाही. तुमचं पत्र वाचल्यापासून तो पट्टा डोळ्यांसमोर आहे.

आता स्टँड. तो का कोसळला, हे तुम्ही सांगू नका, तिलाच शोधू द्या. कुठे बघायचं ते मी सांगते.

खोक्याचा पुठ्ठा कडेने पाहिला की दोन सपाट कागदांच्या मध्ये नागमोडी कागदाची पन्हळ दिसते. या पन्हळी उभ्या असल्या की प्रत्येक नळी खांबासारखा भार घेते. आडव्या असल्या की तोच पुठ्ठा चेपतो आणि वाकतो. वाण्याकडून आणलेलं कोणतंही खोकं बघायला सांगा, भिंतींमधल्या पन्हळी बहुधा उभ्याच असतात, म्हणून तर खोक्यावर खोकं रचता येतं. तिने स्टँडच्या बाजू कशा कापल्या होत्या? माझा अंदाज आहे, पुठ्ठा जसा पुरला तशा.

दुसरं म्हणजे पावसाळा. पुठ्ठा दमट हवेतली ओल शोषतो आणि नरम पडतो. पांढरा फेविकॉल त्यातलं पाणी उडून गेल्यावर पकड घेतो, आणि जुलैच्या मुंबईत पाणी लवकर उडत नाही. संध्याकाळी चिकटवलेला सांधा वरून कोरडा दिसतो आणि आतून ओलाच असतो. चिमटे लावून किंवा जाड पुस्तकांच्या वजनाखाली तो पूर्ण एक दिवस ठेवायला हवा. नुसत्या फेविकॉलवर विसंबण्यापेक्षा दोन पुठ्ठ्यांना समोरासमोर खाचा पाडून ते एकमेकांत अडकवले तर सांधा जास्त पक्का होतो. मागे त्रिकोणी टेकू दिला तर स्टँड डुलत नाही. जड बाटल्या खालच्या कप्प्यात आणि हलकी पाकिटं वर, हे तिला एकदा हात लावून बघितलं की कळेल.

मग परीक्षा घ्यायची. अर्धा लिटर पाण्याची बाटली म्हणजे साधारण अर्धा किलो. एक ठेवायची, मग दुसरी, मग तिसरी. किती वजनाला कोणता सांधा सुटला, पुठ्ठा कुठे वाकला, ते वहीत तारखेसकट लिहायचं. तिच्या बाबांना सांगा, वजन, लांबी, कोन आणि ‘असं केलं तर काय होईल’ हा अंदाज, हे सगळं गणितच आहे. भूमितीचे कोन समोर येतील तेव्हा तिने एक कोन हाताने दुमडून पाहिलेला असेल.

पण मला खरं विचारायचंय ते वेगळंच. स्टँडच हवा, असं आजी म्हणाल्या होत्या का?

वस्तू काय करायची हे आपण आधी ठरवतो आणि ज्याच्यासाठी करायची त्याला शेवटी दाखवतो. तुमच्या लेकीला सांगा, दोन दिवस काही कापायचं नाही. फक्त आजीकडे बघायचं. औषध घेताना त्या चष्मा शोधतात का? पाकिटावरची बारीक इंग्रजी अक्षरं वाचता येत नाहीत म्हणून रंगावरून गोळी ओळखतात का? बाटलीचं झाकण उघडताना बोटं दुखतात का? की अडचण एवढीच आहे की सकाळची गोळी घेतली की नाही, हेच दुपारी आठवत नाही? माझ्या स्वतःच्या आईचं तसंच होतं. गोळ्या कुठे ठेवल्यात हे तिला पाठ होतं, घेतल्या का हे मात्र सांगता यायचं नाही. अशा आजीला कितीही सुबक स्टँड दिला तरी तिची अडचण जागच्या जागीच राहते.

आजींचंही असंच निघालं, तर कदाचित स्टँडऐवजी भिंतीवर टांगायचा कापडी पट्टा जास्त कामाचा ठरेल. जुन्या उशीच्या अभ्र्याचे तीन खिसे. सकाळ, दुपार, रात्र. प्रत्येक खिशावर एक छोटी पाटी, गोळी घेतली की उलटवायची. सकाळच्या खिशावर सूर्य, रात्रीच्या खिशावर चंद्र, आजींना दिसतील एवढे ठसठशीत. भिंतीवर टांगल्यामुळे तुमच्या खोलीतली जागाही अडत नाही. हे मी सुचवतेय खरी, पण तुम्ही तिला सुचवू नका. आजीकडे दोन दिवस बघितल्यावर ती याहून चांगलं काहीतरी शोधेल, अशी मला आशा आहे. एक काळजी मात्र तुमच्याकडेच ठेवा. गोळ्या पाकिटातून सुट्या काढून ठेवायच्या नाहीत आणि पाकिटाचे तुकडे करायचे नाहीत, कारण औषधाचं नाव आणि मुदतीची तारीख कापली जाते. खिसे भरण्याचं काम मोठ्या माणसाचं.

खुणांवरून आठवलं. लेकीला कधी सकाळी स्टेशनबाहेर उभं करून डबेवाल्यांचे डबे दाखवा. १८९० च्या सुमारास सुरू झालेलं हे काम आजही झाकणावर रंगवलेल्या मोजक्या अक्षरं-आकड्यांवर चालतं. डबा कोणत्या स्टेशनवरून निघाला, कुठे उतरवायचा, कोणत्या इमारतीत, कितव्या मजल्यावर, सगळं तेवढ्यात मावतं. पत्ता पूर्ण लिहिला असता तर गर्दीत वाचायला वेळ कुणाला होता? ज्याला वाचायचंय त्याच्या घाईचा विचार करून केलेली ती खूण आहे. डिझाइन म्हणजे काय, हे मुंबईतल्या मुलांना शिकवायला मला याहून सोपं उदाहरण सापडलेलं नाही.

आता तुमचं ‘दारात एकही झाड नाही’. शाळेने ‘झाड किंवा जीव’ म्हटलंय ना? मग गॅलरीतल्या चार कुंड्यांमध्ये कढीपत्ता आहे का ते सांगा. असणार. नसला तर नर्सरीतून कढीपत्त्याचं नाहीतर लिंबाचं छोटं रोप आणा.

पावसाळ्यात कढीपत्त्याच्या कोवळ्या पानावर एक काळं-पांढरं फुलपाखरू येऊन क्षणभर टेकतं आणि निघून जातं. ते गेल्यावर पान हलक्या हाताने उलटून पाहिलं, तर मोहरीहून लहान, फिकट पिवळसर, गोल अंडं दिसतं. त्यातून निघणारी अळी सुरुवातीला हुबेहूब पक्ष्याच्या शिटेसारखी दिसते, तपकिरी आणि मध्ये पांढरा पट्टा. हा तिचा बचाव आहे. शीट कोण खाणार? पुढे कात टाकत टाकत ती हिरवीगार होते आणि पानांत मिसळून जाते. तिला काडीने हलकेच स्पर्श केला की डोक्यामागून दोन मऊ शिंगं बाहेर येतात आणि उग्र वास सुटतो. मग एके दिवशी ती खायची थांबते, फांदीला रेशमाच्या एका धाग्याने स्वतःला बांधून घेते आणि तिचा कोष होतो. कोषातून फुलपाखरू यायला साधारण दोन आठवडे लागतात. चाळीच्या गॅलरीत, दोरीवर कपडे वाळत असताना, हे सगळं होतं आणि आपण मात्र अळीने पानं खाल्ली म्हणून कुंडीवर औषध मारतो. महाराष्ट्राचं राज्य फुलपाखरू नीलवंत, २०१५ मध्ये ठरलेलं, तेही याच लिंबाच्या कुळातल्या झाडांवर अंडी घालतं.

तिला रोज एकाच वेळी पाच मिनिटं द्यायला सांगा. शाळेत जाण्याआधीची वेळ बरी. वहीत तारीख, वेळ, ऊन की पाऊस, काय दिसलं, आणि शेवटी एक ओळ ‘मला कळलं नाही ते’. ही शेवटची ओळ सगळ्यात मोलाची. चित्र चांगलं आलं नाही तरी चालेल, पण बघून काढलेलं हवं, मोबाइलवरून उतरवलेलं नको. अळीने खाल्लेलं पान आलेखाच्या कागदावर ठेवून कडेने पेन्सिल फिरवायची आणि किती चौकोन रिकामे झाले ते मोजायचं. आज किती, उद्या किती. तिच्या बाबांना हे काम सोपवून बघा, मला वाटतं ते रमतील.

आणि एक आधीच सांगून ठेवते. अळी मुंग्या नेतील, बुलबुल खाईल. कधी कोषातून फुलपाखराऐवजी गांधीलमाशीच्या जातीचा बारीक कीटक बाहेर येईल, कारण त्याच्या आईने आधीच आत अंडी घातलेली असतात. त्या दिवशी ती पुन्हा रडेल. तेव्हा नवीन अळी शोधून आणून वही ‘पूर्ण’ करू नका. जे झालं तेच लिहायचं. फुलपाखरू न झालेली वही खोटी नसते. स्टँड कोसळल्यावर तिला जे वाटलं, त्याला इथे वेगळा अर्थ मिळेल. मनासारखं न होणं हीसुद्धा नोंद असते, हे तिला कढीपत्त्याकडून कळेल, माझ्या-तुमच्या सांगण्यातून नाही.

झाडच हवं असेल तर जवळपासच्या एखाद्या दत्ताच्या देवळाशी उंबर असेल, तो निवडा. क्वचित भेटणाऱ्या माणसाला आपण ‘उंबराचं फूल’ म्हणतो. खरं तर उंबराला फुलं ढिगाने येतात, ती फळासारख्या दिसणाऱ्या त्या गोळ्याच्या आत बंद असतात. खाली पडलेलं एक उंबर मधोमध कापलं की आत बारीक फुलांची दाटी दिसते आणि अनेकदा त्यातून इवले कीटकही निघतात. त्या कीटकांशिवाय उंबराला बी धरत नाही. एक वाक्प्रचार आणि एक झाड, दोन्ही एकाच वेळी उघडतात.

एखाद्या रविवारी राणीच्या बागेत जा, काळाचौकीहून ती जवळच आहे. पिंजऱ्यांकडे कमी आणि झाडांकडे जास्त बघा. ते मूळचं वनस्पती उद्यान आहे, १९ व्या शतकातलं, आणि तिथला गोरखचिंच बघून मूल गप्प होतं. शेजारीच डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय आहे, १८७२ मध्ये लोकांसाठी उघडलेलं. जुन्या मुंबईतली माणसं, त्यांची पागोटी, त्यांचे धंदे यांच्या मातीच्या छोट्या प्रतिकृती तिथे आहेत. एका हाताएवढ्या बाहुलीत माणसाचं काम कसं दाखवलंय हे पाहिलं, तर तिसऱ्या प्रकल्पाला उपयोग होईल. जाण्याआधी दोन्हीकडच्या वेळा विचारून घ्या.

तिसरा प्रकल्प मला तिन्हींत अवघड वाटतो आणि सगळ्यात मोलाचाही. कारण तुमच्या घरात गोष्ट आहे आणि ती सांगणारा माणूस बोलत नाही.

“आजोबा, तुमच्या गिरणीची गोष्ट सांगा,” असं तिने विचारलं, तर आजोबा म्हणतील, “काय सांगायचं त्यात?” एवढ्या मोठ्या प्रश्नाला कुणीच उत्तर देत नाही. तिला लहान प्रश्न विचारू द्या. पहिल्या दिवशी गिरणीत कोण घेऊन गेलं? बदली कामगार म्हणून गेटवर उभं राहायचं म्हणजे किती वाजता उठायचं? भोंगा घरापर्यंत ऐकू यायचा का? आजोबा साचेखात्यात, म्हणजे कापड विणायच्या मागांवर होते, की त्रासनखात्यात, म्हणजे सूत कातायला? साच्यांच्या खडखडाटात शेजारच्याला काही सांगायचं तर कसं सांगायचे? डब्यात काय असायचं? केसांत कापूस घेऊन घरी आलं की कोण काय म्हणायचं? एका संध्याकाळी दोनच प्रश्न. फोनवर रेकॉर्ड करायचं असेल तर आधी विचारून. नाहीतर फोन बाजूला ठेवून ऐकायचं आणि झोपण्याआधी आठवेल तेवढं लिहून काढायचं. मी दुसरी पद्धत सुचवेन, कारण जे रात्रीपर्यंत आठवतं तेच बहुतेक गोष्टीत राहतं.

१८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या संपापाशी आजोबा थांबले, तर तिने थांबू द्यावं. अडीच लाखांच्या आसपास गिरणी कामगारांच्या घरांत त्या दिवसानंतर काय काय झालं, हे काळाचौकी, लालबाग, परळला राहणाऱ्या तुम्हाला मी सांगायला नको. सातवीतल्या मुलीने ते उकरून काढू नये. तिच्या गोष्टीत भोंगा असेल, डबा असेल, केसांतला कापूस असेल, तेवढं पुरे. पुढचं आजोबांना सांगावंसं वाटलं तर ते स्वतः सांगतील, कदाचित प्रकल्प संपल्यावर.

सांगायचं कसं, यासाठी आपल्याकडे एक सुंदर जुनी रीत आहे. सिंधुदुर्गात कुडाळजवळ पिंगुळीला ठाकर समाजाचे चित्रकथी आहेत. रामायण-महाभारतातल्या प्रसंगांची चित्रं, एकेका कागदावर एकेक, अशी त्यांची पोथी असते. एक चित्र समोर धरायचं, वीणा, टाळ आणि हुडुक या छोट्या चर्मवाद्याच्या साथीने तो प्रसंग गाऊन सांगायचा, मग पुढचं चित्र. तिथल्याच परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. तुमचं गाव त्या बाजूचं असेल तर मे महिन्यात पिंगुळीला जाऊन या.

तुमच्या लेकीला सात-आठ कागद पुरतील. जुन्या कॅलेंडरच्या पाठी छान पांढऱ्या असतात. एका चित्रात एकच गोष्ट. पहिल्यात चाळीतली अंधारी पहाट आणि भोंगा. दुसऱ्यात गेट. शब्द चित्रावर लिहायचे नाहीत, ते तोंडाने सांगायचे. आणि सुरुवात कशी करू म्हणून अडली, तर आपल्या कहाण्यांची सुरुवात आहेच, ‘आटपाट नगर होतं.’ त्या नगरात एक गिरणी होती, असं म्हटलं की वर्ग ऐकायला लागेल. ‘तात्पर्य’ हा शब्द मात्र तिला विसरायला सांगा. आपल्या मुलांना गोष्ट सुरू व्हायच्या आधी तात्पर्य ठरवायची सवय लागली आहे आणि मग गोष्टीतली माणसं ते तात्पर्य सिद्ध करण्यापुरतीच हलतात. आजोबांचं आयुष्य तेवढ्यासाठी नाही.

पहिल्यांदा आजोबांनाच ऐकवायचं, वर्गाआधी. त्यांनी “असं नव्हतं, असं होतं” म्हटलं की बदलायचं. ती दुरुस्तीची संध्याकाळ मला फार हवीहवीशी वाटते.

जागेबद्दल. दहा बाय बाराच्या खोलीत कायमचा पसारा परवडत नाही, हे मान्य. एक मोठा पाट किंवा जुन्या कपाटाची फळी घ्या. तिचं सगळं काम त्या पाटावर. पाट उचलून पलंगाखाली सरकवला की घर मोकळं आणि काम जसंच्या तसं. पुठ्ठे, चिंध्या, सुतळी, बटणं, मोडक्या छत्रीच्या काड्या यांसाठी एक पत्र्याचा डबा. थर्माकोल मात्र नको. राज्यात २०१८ मध्ये थर्माकोलच्या सजावटीवर बंदी आली आहे, आणि तसंही पुठ्ठा आणि कापड यांच्याशी झटताना जेवढं शिकायला मिळतं तेवढं त्यात मिळत नाही.

तुमची मदत कुठे हवी? कटर तुम्ही धरा, निदान शेजारी बसा. गरम गोंदाची बंदूक वापरत असेल तर तीही. दोन हात कमी पडतात तिथे तिसरा हात द्या, सांधा वाळेपर्यंत धरून ठेवा. पण वाकडी रेघ सरळ करू नका आणि ती झोपल्यावर रंग देऊ नका. आठला घरी आल्यावर रोज वेळ निघणार नाही, तो काढूही नका. रविवारचा एक तास खूप झाला. त्या तासात “असं कर” म्हणण्याऐवजी “हे असं का केलंस?” एवढं विचारा आणि उत्तर येईपर्यंत थांबा. दमलेल्या माणसाला हे थांबणंच सगळ्यात जड जातं. तुम्ही आजवर जागून काढलेल्या रात्री प्रेमापोटीच होत्या, त्याबद्दल मनात काही ठेवू नका.

दुकानातून स्टँड करून आणणाऱ्या त्या पालकांबद्दलही घरात वाकडं बोलू नका. नऊच्या लोकलने परतणारे आई-बाप आणि सकाळी सातची शाळा, यामध्ये पैसे देऊन सुटका करून घ्यावीशी वाटते. त्या मुलाचा तोटा झाला आहे, आणि तो त्याला कळलेलाही नसेल.

तुमच्या यजमानांची काळजी खोटी नाही, पण शाळा हे हौस म्हणून देत नाही. प्रकल्प आणि उपक्रम हा आकारिक मूल्यमापनाचा, म्हणजे वर्षभर वर्गात चालणाऱ्या मूल्यमापनाचा भाग आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही सहावी ते आठवीच्या मुलांनी दहा दिवस दप्तराविना, सुतार, माळी, कुंभार, कलाकार यांच्याकडे काम शिकावं असं म्हटलंय. आणि त्याच्या कितीतरी आधी, ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीला आणि पुढे कोसबाडला शंख-शिंपले, बिया, पानं, खडे घेऊन आदिवासी मुलांना मोजायला, बोलायला शिकवलं. साहित्य आजूबाजूला पडलेलं होतं, ते उचलायची नजर त्यांनी दिली.

वर्गशिक्षिकांना एकदा भेटा. तक्रार करू नका, दोनच गोष्टी विचारा. वस्तूबरोबर तिची वही ठेवली तर चालेल का, आणि तिला दोन मिनिटं बोलायला मिळेल का. त्यांनी स्टँड सुधारून आणायची मुभा दिली आहे, म्हणजे त्या समजूतदार आहेत. वहीत पहिल्या पानावर कोसळलेल्या स्टँडचं चित्र असू द्या. कुठे मोडला, तिथे बाण. त्याखाली, का मोडला असं तिला वाटतं ते.

म्हणून पुन्हा सांगते, तो स्टँड उद्याच आणायला सांगा. पाऊस आहे, जाताना तिच्या दप्तरात एक मोठी प्लास्टिकची पिशवी घाला. भिजला तर कोणता सांधा आधी सुटला होता, ते कळायचं नाही.